तळ्यावर न्यायची गाडी

आईचं दफन होऊन आठवडा उलटला नव्हता, आणि बाबा गाडीची तयारी करत होते.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून रूथॅनला त्यांचे फक्त पाय दिसत होते. व्हॅनचं बाजूचं दार सताड उघडं होतं. पुढच्या दोन खुर्च्यांच्या मधलं इंजिनाचं झाकण काढून गवतात ठेवलेलं होतं आणि बाबा आत गुडघे टेकून वाकले होते. त्या गाडीचं इंजिन बाहेरून कमी आणि आतूनच जास्त हाताशी येई. लहानपणी रूथॅनला वाटायचं, सगळ्यांच्याच गाड्यांचं काळीज असं बसायच्या खोलीत असतं.

"पुन्हा तळ्यावर जायचं चाललंय त्याचं," मेल्वा आत्या म्हणाली. ती बाबांची धाकटी बहीण. चर्चमधून थेट इकडेच आली होती, डोक्यावरची टोपीसुद्धा उतरवली नव्हती. "सकाळपासून टायरांची हवा बघून झाली, आता ते आतलं खोलून बसलाय."

"बसू दे," रूथॅनचा भाऊ मेरिल म्हणाला. "निदान एका जागी आहेत."

टेबलावर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणून दिलेली भांडी ओळीने मांडली होती. हॅम होतं, नूडल्स होत्या, कुस्करलेले बटाटे होते, आणि कुणीतरी साखर-सायीची गोड पाई भाजली होती, आईला आवडायची म्हणून. त्या पाईला कुणी सुरी लावली नव्हती.

"निवासातली खोली उद्या दुपारपर्यंतच धरून ठेवणार आहेत," मेरिल म्हणाला. "मग गेली. आणि मंगळवारी आमचं फिनिक्सचं विमान आहे. रूथॅन, ऐकते आहेस ना?"

"ऐकते आहे. वृद्धनिवासाला मी नाही म्हटलेलं नाही."

ते खरं होतं. गुरुवारी ती शाळेची बस चालवायला गेली असताना बाबा घरातल्या सपातांवर हमरस्त्याच्या कडेने चालत निघाले होते, आईला शोधायला. एका ट्रकवाल्याने गाडी आडवी घालून त्यांना थांबवलं. त्या दिवशी रूथॅननेच भावाला सांगितलं की आता हे माझ्या एकटीच्या हातातलं राहिलेलं नाही. पण काल मेरिलने त्यांना भाड्याच्या मोटारीत बसवायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली. मेरिलच्या बायकोच्या, लिनेलच्या, मनगटावर त्यांच्या बोटांचे निळे वळ अजून दिसत होते.

मागचं दार वाजलं. बाबा आत आले. हात कोपरापर्यंत काळे, चेहरा उजळलेला.

"व्हर्डाची तयारी झाली का?" त्यांनी विचारलं. "जरा धुकं निवळलं की निघू."

सगळ्यांनी रूथॅनकडे पाहिलं. ती उठली, त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"बाबा, बसा. आई गेली. मागच्या सोमवारी. तिचं हृदय थांबलं."

"व्हर्डाचं?"

"हो. तुम्ही तिच्याजवळ होता. तिचा हात तुमच्या हातात होता."

बाबांनी आपल्या काळ्या हाताकडे पाहिलं, जणू तिथे काही खूण राहिली असेल. मग त्यांचा चेहरा हळूहळू ढासळला. त्यांना रडताना बघणं कठीण होतंच, पण त्याहून कठीण हे होतं की रडतानाही त्यांनी दोन्ही हात टेबलापासून लांब, हवेत धरले होते. टेबलक्लॉथला ग्रीस लागलं तर व्हर्डा ओरडेल म्हणून.

बऱ्याच वेळाने ते शांत झाले, उठले, खिडकीपाशी गेले. "गाडी उघडी टाकलीय कुणी?" ते पुटपुटले आणि पुन्हा बाहेर गेले.

मेल्वा आत्याने आता टोपी काढून मांडीवर ठेवली.

"रूथॅन, तू माझ्या भावाला दिवसातून चार-चारदा विधुर करतेस."

"मग काय करू आत्या? खोटं बोलू?"

"बोल की! काय बिघडतं? तयारी होतेय म्हणावं. पाच मिनिटांत विसरेल."

"विसरतात म्हणून काहीही सांगायचं?"

लिनेल नर्स होती. तिने रूथॅनच्या पाठीवर हात ठेवला. "मी अशी माणसं रोज बघते गं. त्यांना ते खरं कळत नाही. नुसतं दुखतं."

रूथॅनने तिचा हात बाजूला केला नाही, पण आवाज चढलाच. "आईने दोन वर्षं सगळ्यांना खोटंच सांगितलं. 'लॅव्हॉन ठीक आहे, थोडं विसरतो एवढंच.' रात्र-रात्र जागून त्यांच्या मागे फिरायची आणि रविवारी ओठांना रंग लावून चर्चमध्ये हसायची. त्या खोट्यानेच ती गेली. मला नाही जमायचं ते."

"मला फोनवर हेच सांगायची," मेरिल म्हणाला. "सगळं छान आहे, मकाही छान आलाय. तुला माहीत होतं?"

"अर्धं माहीत होतं."

"मला तेवढंही नव्हतं. मी पोहोचलो तोवर पेटी बंद झाली होती." तो उठला, बटाट्यांच्या भांड्यावरचा कागद उगाच सरळ करत राहिला. "ते जाऊ दे. उद्याचं बोल. त्या व्हॅनमध्ये ते आपणहून बसतील. तळ्यावर चाललोय सांग, आणि निवासाच्या दारात नेऊन उभी कर. संपलं."

"बरोबर बोलतोय तो," मेल्वा आत्या म्हणाली.

पण लिनेलने नवऱ्याकडे वळून पाहिलं. "नाही मेरिल. आई तयारी करतायत एवढं म्हणणं वेगळं. ती गाडी म्हणजे त्यांचा शेवटचा भरवसा आहे. तिचंच आमिष करायचं?"

"अगं, तूच आत्ता म्हणालीस ना..."

"म्हणाले. हे नाही म्हणाले. आणि खोटं बोलायचंच असेल तर तू बोल, तू चालव. तिच्या गळ्यात कशाला?"

"मी?" मेरिल हसला, पण ते हसू बरं नव्हतं. "मला किल्ली मिळालीय कधी त्या गाडीची? सतराव्या वर्षी एकदा खांबाला घासली, त्यानंतर हात लावायची बंदी. दर शनिवारी ही आणि ते गाडीच्या पोटाखाली. मी व्हरांड्यात बसून दोघांचे बूट बघायचो."

ते बूट रूथॅनलाही आठवत होते, फक्त दुसऱ्या बाजूने.

*

जेवणं आटपल्यावर ती अंगणात गेली. ऊन उतरलं होतं, मॅपलची पानं गाडीच्या उंच टपावर साचली होती.

बाबा गोशेन गावाबाहेरच्या कारखान्यात होते तेव्हा तिथे रोज पत्र्याच्या रिकाम्या मालवाहू व्हॅन यायच्या आणि फिरते दिवाणखाने होऊन बाहेर पडायच्या. मखमली खुर्च्या, लाकडी पट्ट्या, खिडक्यांना पडदे, मागे बटण दाबलं की पलंग होणारा सोफा. बाबांचं काम टप कापण्याचं. मूळ छप्पर करवतीने उतरवायचं आणि त्याजागी फायबरचं उंच छप्पर बसवायचं, म्हणजे माणसाला आत उभं राहता येईल. ही गाडी त्यांनी स्वतःसाठी बांधली होती. कारखाना केव्हाच बंद पडला. तिथून निघालेल्या बहुतेक गाड्या बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने कुजून भंगारात गेल्या. ही एक टिकली, कारण दर हिवाळ्याआधी बाबा टपाचा सांधा खरवडून नव्याने लांबी भरायचे, बर्फातून आलं की आधी गाडीचं पोट धुवायचे आणि मग स्वतः जेवायचे. उंदरांनी वायरी कुरतडल्या, दाराच्या बिजागऱ्या झिजल्या, छताचं कापड लोंबायला लागलं. प्रत्येक वेळी ते आणि रूथॅन भंगारवाल्यांकडे पालथे पडून जुन्या गाड्यांचे अवयव काढून आणायचे.

"आलीस? बॅटरी धर," बाबा आतून म्हणाले.

ती शेजारच्या खुर्चीत गुडघ्यांवर बसली आणि टॉर्चचा उजेड त्यांच्या बोटांवर धरला. ती बोटं अजून काही विसरली नव्हती. त्यांनी वायर बसवली, झाकण दोघांनी मिळून उचललं, एकीकडची कडी त्यांनी लावली, दुसरीकडची तिने.

मग ते तिथेच, चालकाच्या खुर्चीत टेकून बसले.

"पोरी, एक विचारू? माझं डोकं ठीक नाही, हो ना?"

रूथॅनने टॉर्च विझवली.

"व्हर्डा म्हणते, ठीक आहे. मेल्वा म्हणते, वय झालं. तू सांग."

"ठीक नाही, बाबा."

"हं." त्यांनी मान डोलावली, एखाद्या यंत्रातला बिघाड आपण ओळखला तसाच निघाला म्हणून डोलवावी तशी. "मला वाटलंच होतं. मधेच रस्ता नाहीसा होतो. मग असं असताना मी चालवणं बरं नाही." खिशातून किल्ल्या काढून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवल्या. "तू ने आम्हाला. तुझ्यावर सोडलं की मला काळजी नाही."

किल्ल्या त्यांच्या अंगाच्या उबेने कोमट होत्या. रूथॅनला त्या फेकून द्याव्याशा वाटल्या.

घरात येऊन तिने मेरिलला सांगितलं, "उद्या मी आणते त्यांना. तुम्ही बॅग घेऊन पुढे जा." लिनेल तिच्याकडे बघतच राहिली. मेल्वा आत्याने तिच्यासाठी त्या पाईचा तुकडा कापला, आणि तो तिने खाल्ला.

*

सकाळी बाबांनी चौकटींचा चांगला शर्ट घातला. आपणहून चढले, आईच्या खुर्चीत बसले, पट्टा लावला. मागच्या सोफ्याचे पडदे ओढलेले होते. घरापासून मैलभर गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "ती मागे झोपलीय ना?"

"हो," रूथॅन म्हणाली.

एवढंच. एका अक्षराचं काम होतं. तिला वाटलं होतं त्याहून फारच सोपं.

वृद्धनिवास हमरस्त्याला लागूनच होता. वळणावरूनच मेरिल दिसला. मोटारी लावायच्या जागेत, पायाशी बाबांची तपकिरी बॅग ठेवून, हात खिशात घालून तो उभा होता. त्याने गाडी ओळखली आणि एक हात वर केला. रूथॅनने वळणाचा दिवासुद्धा लावला होता. टिक-टिक चालली होती.

"इथे कशाला वळतेस?" बाबा म्हणाले. "तळं सरळ आहे."

तिने दिवा बंद केला आणि गाडी सरळ जाऊ दिली. आरशात मेरिलचा वर केलेला हात तसाच लहान होत गेला.

पिशवीत फोन वाजायला लागला. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. मिशिगन राज्याची हद्द लागली तसा तो थकला. चढावर इंजिनाचा काटा वर सरकायला लागला, तेव्हा बाबांनी न बघताच सांगितलं, "हीटर लाव. इंजिनाची सगळी गरमी आत ओढून घे, गाडीला बरं वाटेल." मग काचा उघड्या, बाहेरचा गारठा तोंडावर आणि पायांवर भट्टी, अशी ती दोघं निघाली, आणि काटा मुकाट खाली आला.

"पहिल्या खेपेला टप गळला होता," बाबा म्हणाले. "मी बांधलेला टप! रात्रभर पाऊस. मला इतकी लाज वाटली की तोंड वर करवेना. आणि व्हर्डाने काय केलं? डोक्यावर पातेलं घालून बसली. म्हणाली, लॅव्हॉन, आता बघ, मला एक थेंब लागत नाही."

"आणि मेरिलने अर्धवट झोपेत तिला पाहिलं आणि भोकाड पसरलं," रूथॅन म्हणाली. "त्याला वाटलं, सैनिक आलाय."

बाबा इतके हसले की खोकला आला. "हळू, हळू," ते म्हणाले, "उठेल ती."

आणि रूथॅननेही आवाज खाली आणला. बळेच नाही, आपोआपच. त्या रस्त्यावर तिलाही आई मागे होती, कोट अंगावर ओढून, भिंतीकडे तोंड करून झोपलेली. दफनाच्या दिवशी आलं नव्हतं ते सगळं आता वर आलं, पण ते दुःख नव्हतं. सुखासारखंच काहीतरी होतं, आणि तिला ते संपायला नको होतं.

तळ्याकाठच्या सेंट जोसेफ गावी, किनाऱ्यावर एकही गाडी नव्हती. खाऊच्या टपऱ्यांना फळ्या ठोकल्या होत्या. वाळू वाऱ्याबरोबर डांबरावरून सरपटत होती, आणि पुढे पाणी, करडं, पलीकडचा काठ नसलेलं.

"आलो की," बाबा म्हणाले. पट्टा सोडून ते खाली उतरले, तरातरा बाजूच्या दाराकडे गेले. तेव्हा कुठे रूथॅनच्या लक्षात आलं की ते काय करायला चाललेत.

"बाबा, थांबा!"

तिचा पट्टा सुटेना. दार सरकल्याचा आवाज आला. मग त्यांचा आवाज, हळू, लाडाचा: "व्हर्डा, ऊठ. बघ तरी, पाणी काय उसळलंय."

पडदा बाजूला झाला.

ती धावत पलीकडे पोहोचली तेव्हा बाबा पायरीवर एक पाय ठेवून उभे होते. सोफा रिकामा होता. त्यावर साधी घडीसुद्धा मोडलेली नव्हती. ते बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग वळले आणि त्यांनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"बाबा, मी..."

"नको सांगू," ते म्हणाले. "कळलं मला."

ते पायरीवर बसले. वारा त्यांचे पांढरे केस उलटे करत होता. रूथॅन त्यांच्यापाशी वाळूतच बसली, आणि आता तिला रडू आलं, मोठ्याने, लहान मुलीला येतं तसं. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ते स्वतः रडले नाहीत.

"तू म्हणालीस, मागे झोपलीय."

"खोटं बोलले."

"तू कधी बोलत नाहीस."

"नाही."

"मग फारच काही कारण असेल." ते पाण्याकडे बघत राहिले. "कुठे न्यायचं होतं मला?"

तिने सांगितलं. निवास, खोली, खिडकीतून दिसणारं शेत, मेरिल बॅग घेऊन थांबलाय हेसुद्धा. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"व्हर्डा असती तर नेऊ दिलं नसतं तिने."

"नसतं."

"म्हणूनच गेली." हे ते इतक्या सरळ बोलले की रूथॅनला मान वर करवेना. "चल. तो पोरगा थंडीत उभा असेल."

*

मेरिल आत, दाराजवळच्या बाकावर बसला होता. लिनेल शेजारी. रूथॅन बाबांना हाताला धरून आत आली तसा तो ताडकन उठला. चेहरा लाल झालेला.

"काही लाज? दुपार टळून गेली! मी इथे यांच्या हातापाया पडून खोली..."

"मेरिल," लिनेल म्हणाली.

तो थांबला. बाबांच्या बुटांवर, विजारीच्या घडीत वाळू होती.

तिथली एक बाई हसऱ्या चेहऱ्याने पुढे आली. "या, श्रॉक आजोबा. वाट बघून दमलो आम्ही. आजी मागून येतायत का?"

तिला कुणी सांगितलं नसावं. रूथॅनने तोंड उघडलं, मेल्वा आत्याचं 'चार-चारदा विधुर' हे वाक्य तिच्या कानात घुमलं, आणि तिला कळेना की यावेळी काय म्हणायचं.

"नाही," बाबाच म्हणाले. "ती गेली."

आणि मेरिल, जो कबरीपाशी कोरडा उभा होता, ज्याने शनिवारपासून फक्त वेळापत्रकं आणि विमानं यांचीच भाषा केली होती, तो बाकावर मटकन बसला. पंजे तोंडावर घेऊन गदगदायला लागला. लिनेल त्याच्याकडे वळली, पण बाबा आधी पोहोचले. ते त्याच्यासमोर वाकले, त्याचे पंजे एकेक करून बाजूला केले आणि त्याच्या चेहऱ्याकडे काळजीने पाहिलं.

"अरे, तुला कुणी सांगितलं नव्हतं का?"

मेरिलने बहिणीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "नाही, बाबा."

"सरक तिकडे," बाबा म्हणाले आणि त्याच्या शेजारी बसले. "मी होतो तिच्याजवळ. मी सांगतो तुला."